पेटीतलं पहिल्या पातळीचं पुस्तक

प्रिय मित्रा,

‘इंग्रजीच्या तासाला मुलांनाच पुस्तकं निवडू देतोस, मग शिकवतोस कधी?’ असं तू विचारलंस. बालभारतीचे धडे मी सोडलेले नाहीत. फक्त शुक्रवारचा तास मुलांना दिलाय. पत्र्याची पेटी उघडायची आणि ज्याला जे हवं ते त्याने घ्यायचं. आवडलं नाही तर अर्ध्यातून परत ठेवायचं. शेवटी प्रश्नोत्तरं नाहीत. बऱ्याचशा गोष्टी ‘प्रथम बुक्स’ या मुलांची पुस्तकं काढणाऱ्या संस्थेच्या ‘स्टोरीवीव्हर’ या वेबसाइटवरून छापून घेतल्यात. तिथे त्या फुकट मिळतात आणि सोप्याकडून अवघडाकडे अशा चार पातळ्यांत लावलेल्या असतात.

त्या पातळ्यांपायीच माझं चुकलं. आठवीतली एक मुलगी दर शुक्रवारी पहिल्या पातळीचं एकच पुस्तक उचलायची. पानावर एखादं वाक्य, बाकी सगळं चित्र. तिसऱ्या खेपेला मी ते तिच्या हातातून काढून घेतलं, ‘हे लहान मुलांचं आहे’ म्हणालो आणि तिसऱ्या पातळीचं दिलं. तास संपेपर्यंत तिने पान उलटलं नाही. पुढच्या शुक्रवारी ती पेटीपाशी आलीच नाही.

फार लागलं रे मनाला. निवडा म्हणायचं, आणि आपल्याला न पटणारं निवडलं की काढून घ्यायचं! मी तिची माफी मागितली, पुस्तक परत दिलं. तेच का आवडतं, असं विचारलं तर हळूच म्हणाली, “सर, यातलं सगळं कळतं.”

सगळं कळतं! आपल्याला दहावीपर्यंत इंग्रजीचं एक तरी पान असं कळलं होतं का? आपण गाईडातली उत्तरं पाठ केली आणि पास झालो.

फिजी बेटांवर १९८० च्या सुमारास झालेला एक प्रयोग मी वाचला होता. तिथल्या खेड्यातल्या मुलांची घरची भाषाही इंग्रजी नव्हती. त्यांच्या वर्गांत अडीचशे सचित्र गोष्टींची पुस्तकं ठेवली. ती मुलं नेहमीच्या पद्धतीने शिकणाऱ्यांपेक्षा वाचनात जवळपास दुप्पट वेगाने पुढे गेली. मला ते ठाऊक होतं, तरी माझा हात तिच्या पुस्तकाकडे गेलाच.

आता ती पुन्हा पेटीपाशी येते. परवा दोन पुस्तकं नेली, एक जुनं आणि एक नवं. नवं वाचलं की नाही, मी विचारलेलं नाही.

मे महिन्यात येशील तेव्हा गाड्यांची, किड्यामुंग्यांची, क्रिकेटची इंग्रजी पुस्तकं घेऊन ये. मागच्या बाकावरची तीन मुलं गोष्टींना हातच लावत नाहीत. पातळ असली, जुनी असली तरी चालतील.

तुझाच,
वर्गमित्र