टेम्पो बोलवायच्या आधी पेटी उघडा

संपादक महोदय,

अमळनेर तालुक्यातलं आमचं गावचं धाब्याचं घर यंदा रिकामं केलं. माय जाऊन दोन वर्षं झाली, धाब्यावर माती टाकायला कोणी उरलं नाही, पावसाळ्यात गळतं, म्हणून पाडायचं ठरलं. भाऊ म्हणत होते एका रविवारी टेम्पो बोलवू, सगळं भंगारात देऊ आणि मोकळे होऊ. मी म्हटलं आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत थांबा, आम्ही बहिणी तेव्हा तशाही माहेरी येतो, जे द्यायचं ते सगळ्यांसमोर देऊ. थांबले, फार बरं झालं.

तीन दिवस लागले. मायचं एकच असायचं, 'राहू दे, कामले ई' (कामाला येईल), त्यामुळे घंगाळ, बंब, पराती, कंदील, गोधड्या, चार संसारांना पुरेल एवढं निघालं. पितळ ठेवून करायचं काय, गावात कलईवाला येईनासा झाला आणि कलई नसलेल्या पितळेत चिंच-ताकाचं काही ठेवता येत नाही, म्हणून दोन पराती ठेवून बाकीचं मोडीत दिलं, त्याचं मला वाईट वाटलं नाही. जातं शेजारच्या काकूंकडे ठेवलं, गल्लीत लग्न निघालं की हळद दळायला तेच नेतात. खापर दोघी बहिणींनी मागितलं, मग जिला मांडे करता येतात तिला दिलं, विषय मिटला.

पण पत्र लिहितेय ते पत्र्याच्या पेटीसाठी. मायच्या खाटेखाली होती, भावाने रद्दी समजून टेम्पोत ठेवलीसुद्धा. उघडली तर आत आजोबांचा शाळेचा दाखला, जमिनीची जुनी खरेदीखतं आणि मोडी लिपीतल्या कागदांचा एक जुडगा, जो आमच्यापैकी एकालाही वाचता येईना. ओबीसीच्या जात पडताळणीला 1967 च्या आधीचा पुरावा लागतो, पुतणीच्या अ‍ॅडमिशनच्या वेळी हाच दाखला मिळवायला माझ्या भावाने कितीतरी चकरा मारल्या, पोरगी रडकुंडीला आली होती, आणि कागद घरातच, खाटेखाली! तो किलोवर गेला असता या विचाराने मला दोन रात्री झोप लागली नाही.

इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे असेच जुने कागद शोधत गावोगाव फिरले, 1926 मध्ये धुळ्यातच वारले, त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ धुळ्यात आहे. त्याच खान्देशात आपण पेट्या न उघडता रद्दीत देतो हे मला फार लागतं.

ज्यांचं घर रिकामं व्हायचंय त्यांनी भांडीकुंडी, खाटा खुशाल आधी काढा, कागद मात्र शेवटी, बहिणींना बोलावून, एकेक बघून. आणि तुम्हाला विनंती, जळगाव, धुळे, नंदुरबारकडे मोडी वाचून देणारे कोण कोण आहेत त्याची माहिती एकदा छापा. आमचा जुडगा सुती फडक्यात बांधून ठेवलाय, वाचणारा भेटला की लगेच घेऊन जाईन.

– एक वाचक, अमळनेर