लाऊन सर, उपचार नाही हे सांगितल्याबद्दल

आदरणीय डॉ. बर्नार्ड लाऊन सर,

सा. न. वि. वि.

१६ फेब्रुवारी २०२१ ला, वयाच्या ९९ व्या वर्षी तुम्ही गेलात. तेव्हा इकडे कोविडची धामधूम चालू होती. मी निवृत्त असूनही लसीकरण केंद्रावर मदतीला जात होते, त्यामुळे ती बातमी मला कितीतरी महिन्यांनी कळली. अणुयुद्धावर उपचार नाही हे तुम्ही डॉक्टर असून सांगितलंत, त्याबद्दल आभाराचं पत्र लिहायचं तेव्हापासून मनात आहे. ज्याला पोचणार नाही त्याला पत्र कसं लिहायचं, म्हणून राहत गेलं. आज लिहितेच.

मी मुंबईतल्या एका सार्वजनिक रुग्णालयात ३१ वर्षं नर्स होते, त्यातली बरीचशी आयसीसीयूत, म्हणजे हृदयरोग्यांच्या अतिदक्षता विभागात. तुमचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते नोकरीच्या दुसऱ्या वर्षी. आमच्या इन्चार्ज सिस्टर नव्या मुलींना डीसी शॉकचं, म्हणजे हृदयाला विजेचा झटका देऊन त्याची लय परत आणायचं मशीन दाखवत होत्या. पॅडल हातात घेऊन म्हणाल्या, "हे बॉस्टनच्या डॉक्टर लाऊननी आणलं. त्याच्या आधी अशा पेशंटचं तोंड झाकण्यापलीकडे फारसं काही हातात नव्हतं." मी वहीत नाव लिहून घेतलं, चुकीच्या स्पेलिंगसकट.

त्याच महिन्यात भायखळ्याच्या भाजी मंडईत हमाली करणारे एक काका आले. मोठा अटॅक होता. रात्री अडीचला मी त्यांच्या शेजारच्या खाटेवरचं सलाईन बदलत होते आणि मॉनिटरवरची रेघ एकदम पिसाटली. व्हीएफ, म्हणजे हृदय ठोके न देता नुसतं थरथरतं ते. काकांची मान एका बाजूला कलंडली. हाउसमन, म्हणजे ड्युटीवरचे शिकाऊ डॉक्टर, धावत आले, मी ट्रॉली ओढली, वॉर्डबॉय मामांनी डोक्याखालची उशी काढली, दुसऱ्या सिस्टरनी छाती दाबायला घेतली. पॅडलला जेली लावताना माझे हात इतके थरथरत होते की निम्मी जेली चादरीवर पडली. उजव्या खांद्याखाली पॅडल टेकवायचं, तर तिथली कातडी वर्षानुवर्षं ओझी वाहून पायताणासारखी राठ झालेली. दोनशे जूल. "बाजूला व्हा!" शरीर उचललं गेलं आणि परत खाटेवर पडलं. रेघ सपाट राहिली. मग एक ठोका आला. मग दुसरा.

पाचेक मिनिटांनी काकांनी डोळे उघडले आणि पहिला प्रश्न विचारला, "माझी टोपी कुठाय?"

टोपी लॉकरमध्ये घडी करून ठेवलेली होती. दोन दिवसांनी ती डोक्यावर घालून ते खुर्चीत बसून चहा पीत होते. ती खुर्चीही तुमचीच, हे मला फार पुढे वाचनातून कळलं. अटॅकच्या पेशंटला चार-चार, सहा-सहा आठवडे पाठीवर निजवून ठेवायची पद्धत होती. तुम्ही आणि तुमचे गुरू डॉ. सॅम्युअल लेव्हिन यांनी १९५० च्या सुमारास त्यांना उठवून खुर्चीत बसवायला सुरुवात केली. घरी जाताना काकांनी त्या मशीनकडे बोट दाखवून विचारलं, "हे कुणी केलं?" मी म्हटलं, अमेरिकेतल्या एका डॉक्टरांनी. ते म्हणाले, "त्यांना माझा रामराम कळवा." मी हो म्हटलं.

इतकं सविस्तर लिहिलं, कारण पुढचं सगळं मला या एका रात्रीच्या मापानेच समजलं. एक माणूस परत आणायला त्या रात्री पाच-सहा माणसं लागली. एक खाट लागली, वीज लागली, ऑक्सिजन लागला, रक्त तपासायला उघडी असलेली लॅब लागली.

मग १२ मार्च १९९३ चा शुक्रवार आला. दुपारी दीडच्या सुमारास शेअर बाजारात पहिला स्फोट झाला आणि पुढच्या दोनेक तासांत काथा बाजार, एअर इंडियाची इमारत, सेंच्युरी बाजार, प्लाझा. आम्हा आयसीसीयूच्या सिस्टरांनाही खाली कॅज्युअल्टीत बोलावलं. स्ट्रेचर संपले तेव्हा लोक दरवाज्याच्या फळीवरून माणसं आणत होते. नावं विचारायला वेळ नव्हता, म्हणून मी पेशंटच्या दंडावर बॉलपेनने नंबर घालत होते. एका बाईच्या दंडावर शाई उमटेना. भाजलं होतं. मी नंबर तिच्या कपाळावर घातला आणि तिने माझ्याकडे जे बघितलं ते मी विसरलेले नाही. त्या दिवशी २५७ माणसं गेली, जखमी शेकड्यांनी. आणि तरी, सर, आमचं रुग्णालय उभं होतं. दिवे होते, नळाला पाणी होतं, डॉक्टर सुट्टीवरून धावत आले होते. रक्त द्यायला गेटबाहेर रांग लागली होती आणि त्या रांगेत कोण कुठल्या धर्माचा ते कुणी विचारत नव्हतं. शहराचा बहुतेक भाग शाबूत होता, म्हणून आम्ही त्या दिवसाला पुरे पडलो. तेही जेमतेम.

पाच वर्षांनी, मे १९९८ मध्ये, पोखरणचे स्फोट झाले. वॉर्डात पेढे वाटले गेले. मीही खाल्ला, आणि अभिमानाने खाल्ला. महिना संपायच्या आत पाकिस्ताननेही चागईला स्फोट केले. तेव्हाही मला भीती अशी वाटली नाही. बॉम्ब म्हणजे मोठा स्फोट, आणि मोठा स्फोट आम्ही पाहिलेला होता, असं डोक्यात होतं.

ते डोक्यातून काढलं अणुयुद्ध रोखण्यासाठी तुम्ही उभारलेल्या डॉक्टरांच्या संघटनेने, आयपीपीएनडब्ल्यूने. पुढच्या वर्षी आमच्या एका रजिस्ट्रार डॉक्टरांनी मला झेरॉक्स काढलेले कागद आणून दिले. 'बॉम्बिंग बॉम्बे?' नावाचा अहवाल, भौतिकशास्त्रज्ञ एम. व्ही. रमणा यांनी लिहिलेला आणि तुमच्या आयपीपीएनडब्ल्यूने १९९९ मध्ये छापलेला. हिरोशिमाएवढा, म्हणजे १५ किलोटनांचा एकच बॉम्ब मुंबईवर पडला तर काय होईल, याचा हिशेब त्यात होता. मृत्यू अंदाजे दीड लाखापासून साडेआठ लाखांपर्यंत. मी घरी मुंबईचा नकाशा काढला आणि बोट ठेवून बघत गेले. जे.जे., नायर, केईएम, टाटा. सगळी मोठी रुग्णालयं त्याच चिंचोळ्या पट्टीत. दंडावर नंबर घालायला बॉलपेन घेऊन कोण उभं राहणार होतं?

हिरोशिमात नेमकं तेच झालं होतं. शहरातल्या १७८० नर्सपैकी १६५४ जणी मेल्या किंवा कामाला उभ्या राहू शकतील अशा उरल्या नाहीत. हा आकडा वाचला त्या रात्री मी नाइट ड्युटीवर होते. आमच्या मजल्यावर त्या रात्री आम्ही चौदा जणी. मनात त्याच प्रमाणात हिशेब केला. एक उरत होती.

म्हणून मी तुमच्याबद्दल वाचायला लागले. लिथुआनियातल्या उतेना गावात जन्मलेला मुलगा, चौदा वर्षांचा असताना आईवडिलांबरोबर अमेरिकेत आलेला. १९६१ मध्ये तुम्ही बॉस्टनमधल्या काही डॉक्टरांना जमवलंत आणि 'फिजिशियन्स फॉर सोशल रिस्पॉन्सिबिलिटी' ही संघटना सुरू केलीत. त्या काळात तुमचं सरकार लोकांना सांगत होतं की तळघर बांधा, डबाबंद अन्न साठवा, म्हणजे अणुबॉम्ब पडला तरी निभावेल. तुम्ही वाद घालत बसला नाहीत, मोजत बसलात. बॉस्टनवर बॉम्ब पडले तर किती डॉक्टर उरतील, एकेकाच्या वाट्याला किती जखमी येतील, खाटा किती, रक्त किती. ते लेख मे १९६२ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आले. त्याच वर्षी हृदयाची लय शॉकने ताळ्यावर आणण्याच्या तुमच्या पद्धतीवरचा लेखही छापून आला. ज्या माणसाने मेलेल्यात जमा झालेलं हृदय पुन्हा चालवून दाखवलं, तोच माणूस त्याच वर्षी लिहीत होता की या दुसऱ्या गोष्टीवर आमच्याकडे काही नाही. माझे आभार मुख्यतः याच्यासाठी आहेत.

बाहेरच्या माणसाला कदाचित कळणार नाही, हे किती अवघड असतं. नातेवाईक समोर उभे असतात आणि "आता काही करता येणार नाही" हे शब्द तोंडातून निघत नाहीत. चांगले चांगले डॉक्टर नजर चुकवतात आणि "प्रयत्न चालू आहेत" म्हणतात. तुम्ही अख्ख्या देशासमोर उभं राहून नजर न चुकवता ते सांगितलंत. उपचार नाही, तेव्हा होऊ न देणं एवढंच औषध. गोवर-पोलिओबद्दल आम्ही रोज जे आयांना सांगतो, तेच.

सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं नाव आम्ही शाळेपासून ऐकत आलो. चीनच्या रणभूमीवर जखमींची सेवा करता करता ते १९४२ मध्ये तिथेच गेले. युद्धातला डॉक्टर म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे तेच यायचे. डॉक्टरने युद्धाच्या आधीच दारात आडवं उभं राहायचं असतं, हे मात्र मला तुमच्याकडून कळलं.

आणि उभं राहिलात ते एकटे नाही. डिसेंबर १९८० मध्ये जिनिव्हात तीन अमेरिकन आणि तीन सोव्हिएत डॉक्टर एका टेबलाशी बसले, त्यातून 'इंटरनॅशनल फिजिशियन्स फॉर द प्रिव्हेन्शन ऑफ न्यूक्लिअर वॉर', म्हणजेच आयपीपीएनडब्ल्यू, उभी राहिली. समोर बसलेले येवगेनी चाझोव म्हणजे सोव्हिएत नेते ब्रेझनेव्ह यांचे डॉक्टर, तुमच्यासारखेच हृदयरोगतज्ज्ञ. १९८२ मध्ये तुम्ही दोन्हीकडचे डॉक्टर मिळून सोव्हिएत टेलिव्हिजनवर तासभर बोललात, काटछाट न होता. मॉस्कोतल्या एखाद्या घरात जेवणाच्या टेबलाशी बसून आईबाप ते ऐकतायत, हे चित्र मी पुष्कळदा डोळ्यांपुढे आणते.

१९८५ मध्ये संघटनेला शांततेचं नोबेल मिळालं तेव्हा चाझोव सरांवर टीका झाली. १९७३ मध्ये सोव्हिएत सरकारवर टीका करणारे शास्त्रज्ञ आंद्रेई साखारोव्ह यांच्याविरुद्धच्या पत्रावर त्यांनी सही केली होती. ती सही चुकीचीच होती असं मला वाटतं, आणि पत्रकारांनी विचारलं ते योग्यच केलं. पण ऑस्लोच्या त्या पत्रकार परिषदेत प्रश्नांची सरबत्ती चालू असतानाच एक सोव्हिएत पत्रकार कोसळले. हृदय बंद. तुम्ही आणि चाझोव सर आणि आणखी काही डॉक्टर जमिनीवर गुडघे टेकून त्यांची छाती दाबत राहिलात. ते वाचले. नंतर तुम्ही पत्रकारांना म्हणालात त्याचा आशय असा होता की जीव धोक्यात असतो तेव्हा मदतीला येणाऱ्याचं राजकारण कुणी विचारत नाही. मला गेटबाहेरची रक्ताची रांग आठवली. अशी छाती दाबून, म्हणजे सीपीआर देऊन, माझे स्वतःचे गुडघे किती वेळा काळेनिळे झालेत, म्हणून तो प्रसंग मला भाषणासारखा वाटत नाही. तो मला दिसतो.

माझ्या घरात यावर एकमत नाही, हेही लिहिते. माझा पुतण्या सैन्यात आहे. तो म्हणतो, "काकू, समोरच्याकडे आहे, तर आपल्याकडे नको?" त्याच्या प्रश्नाला मी हसत नाही, तो सीमेवर राहिलाय. त्याला मी एवढंच सांगते की अमेरिका आणि रशियाही हेच म्हणत होते, आणि १९८० च्या दशकाच्या मध्यात जगात जवळजवळ ७० हजार अण्वस्त्रं साठली. आज ती १२ हजारांच्या आसपास आहेत. ती कमी करणारे बहुतेक करार दोन शत्रूंनीच केले. दोघांपैकी कुणी आधी शरण गेलं म्हणून ते झालं नाही. तुमच्या संघटनेची शाखा भारतात आहे, पाकिस्तानातही आहे. २०१३ मध्ये डॉ. आयरा हेलफंड यांनी तुमच्याच संघटनेसाठी लिहिलं की भारत-पाकिस्तानात हिरोशिमाच्या मापाचे शंभर बॉम्ब वापरले गेले, तर आभाळात जाणाऱ्या काजळीने पिकं बुडून जगातल्या दोनशे कोटी माणसांवर उपासमारीची पाळी येऊ शकते. पुतण्याने तो भाग दोनदा वाचला. मत बदललं नाही. पण पुढच्या सुट्टीत आला तेव्हा त्या काजळीबद्दल त्यानेच विषय काढला.

तुमच्या ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी २००७ मध्ये सुरू केलेल्या 'आयकॅन' मोहिमेतून २०१७ मध्ये अण्वस्त्रबंदीचा करार झाला. १२२ देशांनी बाजूने मत दिलं, आणि २२ जानेवारी २०२१ ला तो लागू झाला. तुम्ही गेलात त्याच्या २५ दिवस आधी. आपला देश त्यात नाही, पाकिस्तान नाही, तुमची अमेरिकाही नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये चाझोव सरही गेले.

मी आता आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये महिन्यातून एकदा सीपीआर शिकवते. बाहुली नाही, म्हणून गादीचा लोड वापरतो. मुलं, वॉचमन, वरच्या मजल्यावरच्या आजी, सगळे येतात. सुरुवातीला तुमचं नाव सांगते, स्पेलिंग आता बरोबर लिहिते. ६ ऑगस्टला वर्गाची वेळ असो नसो, सगळ्यांना बोलावून हिरोशिमातल्या त्या १७८० जणींबद्दलही सांगते. मागच्या वेळी एका मुलीने वहीत तो आकडा उतरवून घेतला आणि खाली रेघ मारली.

भायखळ्याचे ते काका त्यानंतर बरीच वर्षं दसऱ्याला वॉर्डात येत राहिले, हातात भाजीची पिशवी आणि डोक्यावर ती टोपी. प्रत्येक वेळी विचारायचे, "कळवलं का त्या डॉक्टरांना?" मी म्हणायची, कळवते.

त्यांचा रामराम, सर. पोचवायला फार उशीर झाला, क्षमा असावी.

आपली नम्र,
एक निवृत्त सिस्टर, मुंबई