विषय: फोटोग्राफी सफारी म्हणून साधी ग्रुप टूर दिल्याबद्दल तक्रार (मसाई मारा)

प्रति,
कस्टमर केअर टीम

नमस्कार,

तुमच्याकडून केनियातल्या मसाई मारा रिझर्व्हची फोटोग्राफी सफारी बुक केली होती, ग्रुप टूरपेक्षा बरेच जास्त पैसे भरून. ते जास्तीचे पैसे कशाचे ते तुमच्याच ब्रोशरमध्ये लिहिलंय: बाजूने ओपन लँड क्रूझर, गाडीत तीनच जण, लेन्स टेकवायला बीनबॅग आणि लाइट समजणारा ड्रायव्हर. नैरोबीत समोर आली ती छत वर उचलणारी व्हॅन, आत आम्ही सहा जण, बीनबॅगचा पत्ता नाही. टूर मॅनेजर म्हणे, "सर, सीझन आहे, अ‍ॅडजस्ट करा." तेही केलं. तेवढ्यावर भागलं असतं तर हे पत्र लिहायला बसलोच नसतो.

रिझर्व्हचं गेट सकाळी सहाला उघडतं, सूर्य साडेसहाच्या आसपास येतो, आणि सिंह बहुतेक रात्रीच शिकार करतात त्यामुळे उजाडताना ते अजून खात असले तर तुमचं नशीब. आमचं होतं. ट्रॅकपासून तीसेक मीटरवर, जरा चढावर, दोन सिंहिणी आणि बच्चे, विल्डबीस्ट (गाईसारखं दिसणारं मोठं हरीण) नुकतंच फाडलेलं, थंडी एवढी की उघड्या पोटातून वाफा निघत होत्या. एक सिंहीण डोकं पार बरगड्यांच्या आत घालायची आणि बाहेर काढलं की हनुवटीपासून डोळ्यापर्यंत लाल. हे बघायला लोक वर्षानुवर्षं पैसे साठवतात हो.

आणि ड्रायव्हरने गाडी लावली ती अशी की सिंहांच्या मागे बरोब्बर पूर्वेचं आकाश. आकाश पांढरंफटक आणि सिंहिणीचं तोंड काळं, एक्सपोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घेतला जाणारा उजेड, वाढवलं तर आकाश जळतं आणि कमी केलं तर तोंड, रक्त, सावली सगळं एकच काळं. बॅकलाइट, म्हणजे मागून येणारा उजेड, मला आवडतो, कानांच्या केसांवर सोनेरी कड येते, पण त्यासाठी मागे गडद झाडी लागते, इथे नुसतं आकाश. तोच ट्रॅक पुढे वळून पलीकडे जात होता, आमच्या देखत दोन गाड्या तिकडे गेल्या. आम्ही विनवण्या केल्या, तो म्हणे इथूनच जवळ आहे.

शिवाय इंजिन चालू, का तर बॅटरी वीक आहे, बंद केलं तर परत स्टार्ट होणार नाही. ६०० एमएमची लांब लेन्स, उजेड कमी म्हणून आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १२८०० वर नेऊन कसाबसा १/१६० सेकंदाचा शटर मिळत होता, एवढ्या हळू शटरला जराशा हलण्यानेही फोटो पुसट होतो, त्यात गाडी थरथरतेय आणि छतातून उभ्या सहा जणांपैकी एकाने पाय हलवला की सगळी डुलतेय. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन हाताचा कंप सांभाळतं, डिझेल इंजिनची थरथर नाही सांभाळत.

मग ड्रायव्हर म्हणतो वरचे पैसे द्या, गवतात घालून अगदी जवळ नेतो. याचा मला सगळ्यात जास्त राग आलाय. रिझर्व्हमध्ये रस्ता सोडायला बंदी आहे, प्राण्यापासून २५ मीटर अंतर ठेवायचं असतं, एका प्राण्याजवळ एका वेळी पाचच गाड्या थांबू शकतात. बच्चे खात असताना गाडी अंगावर घातली तर सिंहीण त्यांना घेऊन उठून जाते आणि तरसं टपलेलीच असतात. असा फोटो मला फुकट दिला तरी नको. आम्हाला जवळ जायचंच नव्हतं, योग्य बाजूला जायचं होतं.

शेवटी ऊन आलं, शटर १/१००० सेकंदापेक्षाही वेगवान मिळायला लागला, आणि मॅनेजरने गाडी लॉजकडे वळवली, ब्रेकफास्ट बंद होईल म्हणून! आयटिनररीत पॅक ब्रेकफास्ट होता. विषुववृत्ताजवळ सूर्य सरळ वर चढतो, तो मऊ उजेड तासाभरात संपतो. परत आलो तेव्हा कडक ऊन, सिंह झुडपात आणि सांगाड्यावर गिधाडं. जुलै ते डिसेंबर तिथली एंट्री फी परदेशी माणसाला दिवसाला २०० डॉलर आहे, १२ तासांची, ती आम्ही लॉजवर ऑम्लेट खाण्यासाठी भरली नव्हती.

फोटोग्राफी सफारी आणि ग्रुप टूर यांच्या किमतीतला फरक मला पूर्ण परत हवाय. पैसे मागणाऱ्या ड्रायव्हरवर काय कारवाई केली ते लेखी कळवा, आणि लँड क्रूझर मिळणार नसेल तर ब्रोशरमधून तिचा फोटो काढा. ब्रोशर, आयटिनररी, पेमेंटच्या पावत्या आणि व्हॅनचे फोटो सोबत जोडलेत. १५ दिवसांत उत्तर आलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे, २०१९ च्या कायद्याप्रमाणे मी राहतो तिथेच, म्हणजे पुण्यातच, तक्रार दाखल करता येते.

आपला,
एक ग्राहक, पुणे