तिकीट पुढे नेलं आहे, आणि कर्दळीचं काय करायचं

नागपूर,
१४ ऑक्टोबर

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

तुमचं इंग्लंडमधल्या लीड्सहून इकडे परतीचं तिकीट मी नोव्हेंबरवरून जानेवारीअखेर नेलं आहे. आधी विचारलं असतं तर बाबा नाहीच म्हणाले असते, म्हणून करून टाकलं आणि आता सांगून राहिले. खालच्या खोलीला लागून बाथरूम बांधायला काढलंय. फरशी कापायचं मशीन दिवसभर चालतं, ती धूळ बाबांच्या दम्याला चालणार नाही. आणि तो जिना. जिन्याबद्दल मी पुन्हा बोलणार नाही, आई, पण तुलाही माहीत आहे. आता धरायला दांडे असतील, बसून आंघोळ करता येईल, फरशी खरबरीत. देवघर आणि तुझा झोपाळा जागच्या जागी आहेत.

मोरीवरची कर्दळ मात्र हलवावी लागली, नवा पाइप तिच्याच बुडाखालून जातो. गड्डे कुंपणाशी लावलेत. नागपुरात पारा सात-आठवर आला तरी ती उभीच असते, तेव्हा तिची काळजी नको.

लीड्सच्या घरामागची कर्दळ आता तुमच्या हवाली. तिला तिथल्या थंडीत झोपवावं लागतं.

एखाद्या सकाळी गवत पांढरं दिसेल आणि दुपारपर्यंत पानं काळी पडून लटकतील. घाबरू नका. पानातलं पाणी गोठून पेशी फुटतात, जमिनीखालचा गड्डा शाबूत असतो. तोवर थांबायचंच, कारण हिरवी पानं शेवटपर्यंत गड्ड्यात साठा भरत असतात. पण काळी पडली की आठवड्याच्या आत काढा. तिथली माती चिकण आणि हिवाळाभर ओली. गोठण्यातून वाचले तर सडण्यातून वाचणार नाहीत.

त्याआधी, पानं आहेत तोवर, दोन कामं. आई, तुझ्या अक्षरात चिठ्ठ्या कर, पेन्सिलनेच. शाई ओलीने जाते. पानं कापल्यावर पट्ट्यांची डरबान जात कुठली आणि तांबूस वायोमिंग कुठली, गड्ड्यावरून कळत नाही. दुसरं, रोग पाहा. डरबानच्या रेघा शिरांबरोबर सरळ जातात, त्या तिच्याच. तुटक पिवळे चट्टे आणि वेडंवाकडं पान दिसलं तर तो विषाणू, त्याला औषध नाही. ते झाड गड्ड्यासकट कचऱ्याच्या डब्यात टाका, खतात नको, आणि कात्री स्पिरिटने पुसा. बाबा जीव लावून ठेवून देतील, म्हणून आई, हे तुझ्याकडे.

खणायचं जावयांनी, शनिवारी. बाबा, तुम्ही खुर्ची टाकून फक्त सांगायचं. मामाच्या लग्नातली बादली आठवा, म्हणजे मी काहून बोलून राहिले ते कळेल. खोडं १५ सेंटिमीटर ठेवून कापायची. खणायचा काटा खोडापासून फूटभर लांब घालून चारी बाजूंनी सैल करायचं, मगच उचलायचं. जवळ घातला की गड्ड्याला भोक पडतं आणि सड तिथूनच सुरू होते. माती झटका, धुऊ नका. गड्डे आत्ता फोडूही नका. ते मार्चमध्ये, डोळे फुगल्यावर. थंडीत कापल्याची जखम भरत नाही.

दोन-तीन दिवस गॅरेजमध्ये वर्तमानपत्रावर पसरा, मग छिद्रं असलेल्या निळ्या क्रेटमध्ये ओलसर कंपोस्ट भरून त्यात पुरा. ओल किती, हे आईला लगेच कळेल: मूठ दाबली तर रव्याच्या लाडवासारखी जेमतेम वळावी, बोटांतून पाणी येता कामा नये. क्रेट आतल्या भिंतीच्या फळीवर ठेवा. तिथे थर्मामीटर लावलाय, ५ ते १० अंश हवेत. बॉयलरजवळ बिलकुल नको, ऊब मिळाली की अंधारात लांबट पांढरे कोंब काढून गड्डा स्वतःलाच खातो.

आणि बाबा, झारी घेऊन रोज जायचं नाही! हिवाळ्यात कर्दळ जास्त करून पाण्यानेच मरते. डेलियासारखी पार कोरडीही ठेवायची नाही, सुकून सुरकुतते. महिन्यातून एकदा एक गड्डा उकरून नखाने खरवडा. आत पांढरं आणि कडक, तर ठीक. तपकिरी, लिबलिबीत, वास येणारं असेल तर निरोगी भागापर्यंत कापून टाका. कंपोस्ट सुटं धुळीसारखं झालं तरच हलका फवारा. मार्चपासून पुढे मी पाहीन. बाहेर तर ती जूनच्या तोंडावरच जाते.

घरातली हीटिंग २१ वर आहे, ती गॅसच्या बिलाच्या धास्तीने बंद करू नका. डिसेंबरात चारच्या आधी सूर्य मावळेल, त्याने आईचं मन उदास होतं हे मला ठाऊक आहे. फिरायला सकाळी दहा-अकराला जात जा, दोघं मिळून. तूरडाळ आणि सावजी मसाला वरच्या कप्प्यात आहे. लहानपणी तापात तू कपाळावर हात ठेवायचीस ना आई, इथे तुझ्या खोलीत झोपले की अजून तेच आठवतं.

बाबा, फोनवर रागवा, पण बोला.

तुमची,
गुड्डी

ता. क. गॅरेजमध्ये जाताना पायात बूट, चपला नाही. पायरी ओली असते. आणि इन्हेलर खिशात.