तीव्रतेवरून प्रेम ओळखू नकोस

सातारा

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

त्या मुलाचं इतकं वेड लागलंय म्हणजे हे खरंच प्रेम असणार, असं तू म्हणतेस. बाळा, तीव्रतेवरून प्रेम ओळखता येत नाही. या अवस्थेला डोरोथी टेनोव्ह या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७९ च्या आपल्या पुस्तकात ‘लिमरन्स’ म्हटलं. त्याचा विचार डोक्यातून हटत नाही, त्याच्या एका शब्दावर दिवस चांगला नाहीतर वाईट. त्यांच्या मते हे साधारण दीड ते तीन वर्षं टिकतं.

हे वेड पोसलं जातं ते अनिश्चिततेवर. तो रोज नियमाने बोलला असता तर तू एवढी तळमळली नसतीस. कधी तासभर गप्पा, कधी दोन दिवस ब्लू टिक दिसूनही उत्तर नाही, म्हणून तुला फोन खाली ठेववत नाही. १९९९ मध्ये इटलीत पिसाच्या डॉक्टरांनी नुकतेच प्रेमात पडलेल्या २० जणांचं रक्त तपासलं. सेरोटोनिन या मनःस्थितीशी निगडित रसायनाशी संबंधित एक घटक त्यांच्यात कमी निघाला, जवळपास मंत्रचळाच्या (तेच तेच विचार पुन्हा पुन्हा येण्याच्या आजाराच्या) रुग्णांइतकाच. वर्ष-दीड वर्षाने काहींना पुन्हा तपासलं, तेव्हा तो पूर्ववत झाला होता.

आता वहीत पानाच्या मधोमध रेघ मार. डावीकडे त्याने प्रत्यक्ष काय केलं ते: ‘विश्रामबागला अर्धा तास थांबायला लावलं, कळवलं नाही.’ उजवीकडे तू काय अर्थ लावलास ते: ‘बिचारा कामात असेल.’ महिनाभर लिही. उजवी बाजूच भरत गेली, तर तू मनात रंगवलेल्या मुलावर भाळली आहेस.

मग त्याला सरळ विचार. ‘बघू’ म्हणाला तर ते ‘नाही’च समज. नकार आला तर संपर्क पूर्ण तोड, स्टेटस बघणंसुद्धा. ‘निदान मैत्री तरी’ म्हणून अर्धवट ठेवलं की तिथेच चुकतं. आठवड्याच्या एका मेसेजवरही आशा जगते.

होकार आला तर आनंदच आहे. ओढ वाईट नसते. पण लग्नाचं दीड वर्ष तरी ठरवू नकोस. तेवढ्यात बघ: तुझं ‘नाही’ तो ऐकून घेतो का, उसने घेतलेले पैसे न मागता परत देतो का, तुझी परीक्षा असताना स्वतःहून फोन आवरता घेतो का, भांडण झाल्यावर विषय मिटवतो की अबोला धरतो. टिकणाऱ्या नात्यात माणूस वेळेवर जेवतो, शांत झोपतो.

तुझी झोप अशीच उडालेली राहिली तर मिरजेला मानसोपचारतज्ज्ञांना दाखवू, मी येते. बाबांना काही बोलले नाही. तू म्हणशील तेव्हाच सांगेन.

तुझी,
आई