जिद्दीला सलाम पुरे, आता वेळ छापा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

थंडी सुरू झाली की पुण्यात मॅरेथॉनचा हंगाम येतो आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत एक ठरलेलं छायाचित्र. व्हीलचेअरवरचा किंवा काळा चष्मा लावलेला धावपटू, शेजारी रंगीत टी-शर्टातला स्वयंसेवक आणि खाली ओळ, ‘जिद्दीला सलाम’. आपल्याही दैनिकात ते येतं. छायाचित्र चांगलं असतं, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार एवढीच की त्याच पानावर पहिल्या तिघांची वेळ सेकंदासकट छापलेली असते आणि या धावपटूनं किती वेळात अंतर कापलं ते कुठेच नसतं. त्याला विचारलंत तर वेळ तो लगेच सांगेल. जिद्दीबद्दल विचारलंत तर बहुधा विषय बदलेल.

सहकारनगर-पर्वती भागातल्या एका धावण्याच्या गटात मी स्वयंसेवक आहे. गटाचं नाव मुद्दामच देत नाही, नाहीतर पत्राची जाहिरात होते. मी धावत नाही. माझ्या गुडघ्यांनी तो निर्णय केव्हाच घेऊन टाकला. हजेरीची वही, केळी, मीठ-साखरेचं पाणी आणि लोकांचे मोबाइल-किल्ल्या सांभाळणं ही माझी खाती. गटाला फी नाही, वेगाची अट नाही. दृष्टिहीन विद्यार्थी आहेत, एक कर्णबधिर जोडपं आहे, डाऊन सिंड्रोम असलेला एक मुलगा वडिलांना घेऊन येतो (वडील त्याला आणतात असं म्हणायची सोय नाही, तो ऐकून घेत नाही). हिंजवडीचे आयटीवाले आहेत, रात्रपाळी संपवून थेट येणारे एक वॉचमन आहेत. साडीवर बूट घालून येणाऱ्या, घरकाम करणाऱ्या काही जणी आहेत. त्या सातच्या ठोक्याला निघतात, कारण रविवारीही पहिल्या घरची भांडी त्यांचीच वाट बघत असतात.

आता स्वयंसेवक नेमकं काय करतात ते सांगते, कारण छायाचित्रात ते नुसते हसताना दिसतात.

दृष्टिहीन धावपटूबरोबर पळणाऱ्याला गाईड रनर म्हणतात. दोघांच्या बोटांत एक आखूड दोरी असते, तिला टेथर म्हणतात. आमच्याकडे ती बुटांच्या जुन्या नाड्या विणून केलेली आहे. बघणाऱ्याला वाटतं, गाईड त्या दोरीनं दुसऱ्याला ओढत नेतो. ओढायचं अजिबात नसतं. पॅरा-ॲथलेटिक्समध्ये गाईडनं ओढलं तर जोडी बाद होते, आणि शेवटची रेषा गाईडनं आधी ओलांडली तरीही बाद होते. दोघांचे दोरीकडचे हात एकदम पुढे आणि एकदम मागे गेले पाहिजेत, म्हणजे एकाचा डावा पाय आणि दुसऱ्याचा उजवा पाय एकाच वेळी पडतो. ही लय बसायला काही रविवार जातात. बाकी काम तोंडाचं. ‘पुढे स्पीडब्रेकर, दहा पावलं... पाच... आता.’ ‘चेंबरचं झाकण वर आलंय, माझ्याकडे सरक.’ ‘मध्ये कुत्रा झोपलाय, तो उठणार नाही, आपणच वळू.’ तासभर असं बोलत पळायचं तर गाईडचा स्वतःचा वेग धावपटूपेक्षा चांगलाच जास्त हवा. नाहीतर त्याला धाप लागते, तो गप्प होतो, आणि रस्ता बघण्याचं काम तिथेच थांबतं.

त्यामुळे आमची खरी अडचण काय आहे माहीत आहे? हळू धावणाऱ्या दृष्टिहीनाला गाईड सहज मिळतो. आमच्यातला एक विद्यार्थी मात्र हाफ मॅरेथॉन पावणेदोन तासांच्या आत पळतो आणि त्याच्याबरोबर बोलत पळू शकतील अशी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यातला एक परगावी गेला की या मुलाचा लाँग रन, म्हणजे लांब अंतराचा सराव, बुडतो. तो जोरात पळतो म्हणून त्याचा सराव बुडतो! ‘अंधारावर मात’ अशा मथळ्याखाली ही गोष्ट कधीच येणार नाही.

२०२४च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये सिमरन शर्मानं टी-१२ या दृष्टिदोष असलेल्या धावपटूंच्या गटाच्या २०० मीटर शर्यतीत कांस्यपदक जिंकलं. वेळ २४.७५ सेकंद, गाईड अभय सिंह. तिथे वेळ मोजली जाते, गाईडचं नाव घेतलं जातं आणि पदक त्यालाही मिळतं. तेवढा मान रविवारच्या दहा किलोमीटरला का मिळू नये?

सगळ्यात शेवटी चालणारा स्वयंसेवक हे दुसरं महत्त्वाचं काम. लंडनच्या बुशी पार्कमध्ये २००४ साली १३ धावपटूंनिशी सुरू झालेल्या पार्करनमध्ये, म्हणजे दर आठवड्याच्या मोफत सामूहिक धावण्यात, असा एक जण नेमलेला असतो, टेलवॉकर. तो कुणालाही मागे टाकत नाही, त्यामुळे शेवटचा नंबर कायम त्याचाच. आम्ही ती कल्पना सरळ उचलली. नव्यानं येणाऱ्या बाईला, विशेषतः पन्नाशीच्या पुढच्या, भीती पायांची नसते. आपण सगळ्यांत शेवटी राहू आणि तोपर्यंत लोक घरी गेलेले असतील, याची असते. एका मोठ्या स्पर्धेत आमच्या दोघी पोचल्या तेव्हा पाण्याचे स्टॉल आवरलेले, कमानीतली हवा काढलेली. रस्ते वाहतुकीला खुले करावे लागतात, कट-ऑफ म्हणजे पोचण्याची शेवटची वेळ ठरवावी लागते, हे मान्य. पण त्या दोघी कट-ऑफच्या आत होत्या.

आता मूळ मुद्दा. या स्वयंसेवकांचं कौतुक इतकं होतं की त्याच्या आड शहराची स्वतःची कामं झाकली जातात.

आम्ही जमतो त्या बागेचं मोठं फाटक सकाळी कुलूपबंद असतं. शेजारी दुचाक्या आत शिरू नयेत म्हणून लोखंडी पाइपांचं नागमोडी फाटक केलंय. दुचाकी शिरत नाही हे खरं. व्हीलचेअरही शिरत नाही. मग चार जण खुर्ची माणसासकट उचलतात आणि पाइपांवरून पलीकडे ठेवतात. उचलणाऱ्यांच्या कमरेचं सोडा, मोठ्या माणसाला असं सामानासारखं उचलून घेणं आवडत असेल का? आणि छायाचित्र निघतं ते नेमकं त्याच क्षणाचं. माणुसकीचं दर्शन म्हणून. खरं तर ते न उघडलेल्या फाटकाचं छायाचित्र आहे. किल्लीसाठी संबंधित कार्यालयात अर्ज दिला, तेव्हा तिथल्या साहेबांनी आमच्या कामाचं तोंड भरून कौतुक केलं. किल्ली अजून मिळायची आहे.

बागेबाहेर तेच. पुणे महापालिकेनं २०१६ साली पादचारी धोरण मंजूर केलं, तेव्हा आम्हा पुणेकरांना केवढा अभिमान वाटला होता. जंगली महाराज रस्त्याचे रुंद पदपथ बघायला बाहेरगावचे अभियंते येतात म्हणे. ११ डिसेंबरला पादचारी दिन म्हणून लक्ष्मी रस्ता गाड्यांना बंद होतो. उरलेल्या दिवसांचं आणि उरलेल्या रस्त्यांचं काय, हा प्रश्न दृष्टिहीनांना विचारावा. त्यांच्यासाठी बसवलेल्या खडबडीत पिवळ्या फरशा माझ्या नेहमीच्या वाटेवर एका विजेच्या डीपीपाशी नेऊन सोडतात. पुढे पुन्हा सुरूही होतात, डीपीच्या पलीकडे. गाईडला हे सगळं पाठ करावं लागतं. तळजाई आणि वेताळ टेकडी चढाची, तिथे चाकाची खुर्ची जाणार नाही हे समजू शकतं. टेकडीला कुणी रॅम्प मागत नाहीये. सपाट जागा तरी सपाट असाव्यात. बायकांसाठी सकाळी सहाला उघडं स्वच्छतागृह असावं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याचं ३०वं कलम खेळातल्या सहभागाची जबाबदारी सरकारवर टाकतं, हजेरीच्या वहीवाल्या काकूंवर नाही.

आमच्यासारख्या गटांबद्दल बागेतल्या नेहमीच्या मंडळींच्या तक्रारी आहेत आणि त्यातल्या निम्म्या मला पटतात. पहाटे लाऊडस्पीकरवर झुंबा करणारे गट मलाही सहन होत नाहीत. धावणारे चारजण हातात हात घालून पळाल्यासारखे पळतात आणि मागच्याला वाट देत नाहीत, हेही खरं. आम्ही आता दोनापेक्षा जास्त जण शेजारी-शेजारी पळत नाही. पण ‘यांच्याकडून पैसे घ्या’ ही सूचना ऐकली की धडकी भरते. इंग्लंडात ब्रिस्टलजवळच्या लिटल स्टोक पार्कमध्ये २०१६ साली तिथल्या स्थानिक परिषदेनं पार्करनला शुल्क लावायचं ठरवलं. शुल्क जमा झालं नाही, धावणं मात्र तिथलं बंद पडलं. आमच्या गटातून सर्वांत आधी कोण गळेल हे मला वही न उघडता सांगता येईल. सातला निघणाऱ्या त्या जणी.

मुरलीकांत पेटकरांचं नाव आता घराघरात पोचलं आहे. १९६५च्या युद्धात गोळ्या झेललेला हा सैनिक १९७२ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गला गेला आणि ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात त्यानं भारताला पॅरालिंपिकचं पहिलं सुवर्णपदक मिळवून दिलं. त्यांच्या मागे क्रिकेटपटू विजय मर्चंट यांची संस्था उभी राहिली, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. आणि पद्मश्री मिळाली २०१८ साली. मदत करणारे वेळेवर आले होते. ज्यांनी नोंद घ्यायची, त्यांना सेहेचाळीस वर्षं लागली.

म्हणून आपल्याकडे मागणं आहे. या हंगामात दिव्यांग धावपटूंची वेळ, गट आणि त्यांची संमती असेल तर नाव निकालाच्या पानावर, इतरांच्याच टायपात छापा. गाईडचं नाव त्याखाली. बोलत बोलत पाच मिनिटं वीस सेकंदांत किलोमीटर पळू शकणारे वाचक असतील तर आपल्यामार्फत कळवा; आम्हाला त्यांची गरज आहे, आणि शिकवायला दोन अनुभवी दृष्टिहीन धावपटू तयार आहेत. आणि खुर्ची उचलतानाचं छायाचित्र छापायचंच असेल तर खाली कोणती बाग आणि कोणतं फाटक तेही लिहा.

छायाचित्रकाराला एखाद्या रविवारी पाठवलंत तर ते फाटक मी दाखवते. सहाच्या आत पाठवा. साडेसहानंतर उजेड चांगला मिळतो म्हणतात, पण तोवर सगळ्या खुर्च्या आत गेलेल्या असतात.

आपली नम्र,
गटातल्या काकू
सहकारनगर, पुणे ९