बॅकहँड शिकताना कोपराकडे बघ

पुणे, रविवार

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

परवा तुझा फोन आला तेव्हा घरी पाहुणे होते, त्यामुळे नीट बोलणं झालं नाही. म्हणून आता सविस्तर लिहितोय. चिपळूणला तुमच्या क्लबात टेबल टेनिसचं टेबल आलं हे ऐकून फार बरं वाटलं. जवळपास कोच नाही, मग यूट्यूबवरचे व्हिडिओ बघून बॅकहँड शिकता येईल का, असं तू विचारलंस. येईल. मी गेली काही वर्षं तेच करतोय, आणि चाळिशीनंतर शिकलेल्या गोष्टींत या एका फटक्याइतका आनंद मला दुसऱ्या कशानेच दिलेला नाही. मात्र हे व्हिडिओ बघण्याची एक रीत आहे. ती नसली तर माणूस महिनोन्महिने नुसता बघत राहतो आणि हात होता तिथेच राहतो.

आपल्या कॉलेजच्या दिवसांत बॅकहँड म्हणजे बॉल अडवायचा फटका. पॉइंट काढायचा फोरहँडने, आणि बॅकहँडने वेळ मारून न्यायची. तो काळ गेला. झांग जिके आठवतो ना? २०११ची वर्ल्ड चॅम्पियनशिप, २०१२चं लंडन ऑलिंपिक, पुन्हा २०१३ची वर्ल्ड चॅम्पियनशिप, तिन्ही ठिकाणी एकेरीत तोच पहिला. समोरच्याने आखूड सर्व्हिस टाकली की पठ्ठ्या टेबलावर वाकणार, बॅटचं टोक स्वतःच्या पोटाकडे वळवणार आणि मनगट सोडून असा फ्लिक मारणार, की सर्व्हिस करणाराच अडचणीत. फोरहँडच्या बाजूला पडलेली आखूड सर्व्हिससुद्धा तो सरकून बॅकहँडनेच घ्यायचा. या फ्लिकची सुरुवात चेक खेळाडू पेत्र कोर्बेलने केली असं मानतात, पण जगभर तो पसरला झांगमुळे. पेनहोल्डवाल्यांतही, म्हणजे बॅट पेनसारखी धरणाऱ्यांतही, तेच झालं. पूर्वी ते बॅटच्या एकाच बाजूने खेळायचे. लिऊ ग्वोलिआंगने मागची बाजू वापरायला सुरुवात केली आणि वांग हाओने तर अख्खा बॅकहँड त्या मागच्या बाजूवर उभा केला. त्या जोरावर तो २००४, २००८ आणि २०१२ अशा तीन ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचला. तिन्ही वेळा रौप्यपदक मिळालं, हे अजूनही मनाला लागतं. आणि पॅरिसला २०२४मध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या फॅन झेनडाँगचा बॅकहँड म्हणजे समोरच्याला मोकळा श्वास घेऊ न देणारा प्रकार. एकदा बघच.

बघ म्हणतोय, पण शिकण्यासाठी त्याच्यापासून सुरुवात करू नकोस. त्याच्या मांड्या, कंबर, पायांचा वेग हे सगळं त्या फटक्यात आहे आणि ते आपल्याकडे नाही. शिकायला साध्या कोचचे, सावकाश बोलणारे व्हिडिओ घे. ऑस्ट्रेलियातले पिंगस्किल्सवाले दोघं, अलॉइस रोझारिओ आणि जेफ प्लम, मूलभूत गोष्टी फार शांतपणे सांगतात. इंग्लंडमधला टॉम लोडझिएक मोठ्या वयाच्या क्लबातल्या खेळाडूंना शिकवतो, त्यामुळे त्याचं बोलणं आपल्याला लागू पडतं.

आता बघायचं कसं ते सांगतो. पहिली वेळ सरळ ऐकून घे. दुसऱ्या वेळी आवाज बंद कर, वेग पाव कर आणि फक्त कोपराकडे बघ. आपली नजर आपोआप बॉलवर नाहीतर बॅटवर जाते, आणि बॅट इतकी वेगात फिरते की तिच्याकडून काही हाती लागत नाही. कोपर मात्र सगळं सांगतं. चांगल्या बॅकहँडमध्ये ते बरगड्यांना चिकटलेलं नसतं. अंगाच्या थोडं पुढे, सुटं असतं आणि फटकाभर जवळजवळ जागेवरच राहतं. त्याच्याभोवती पुढचा हात फिरतो, आणि शेवटी मनगट. बहुतेकांचा बॅकहँड अडतो तो इथे. कोपर अंगाजवळ राहिलं की बॅट मागे न्यायला जागाच उरत नाही. मग खांद्याने ढकलावं लागतं आणि बॉल एकतर नेटमध्ये जातो, नाहीतर उंच बसतो. हे एकदा डोळ्यांत बसलं की कुणाचाही बॅकहँड बघताना तुझी नजर आधी कोपरावर जाईल.

कॅमेरा कुठे आहे तेही बघ. समोरून घेतलेल्या व्हिडिओत डावं-उजवं उलटतं आणि नक्कल करताना डोकं गोंधळतं. खेळाडूच्या पाठीमागून घेतलेला असेल तर तोच हात, तेच पाय. तू त्याच्या मागे उभा राहून तसंच करू शकतोस. बॉल नेमका कुठे घेतला हे मात्र बाजूने घेतलेल्या व्हिडिओतच दिसतं.

बॅकस्पिनवरचा टॉपस्पिन, म्हणजे उलटा फिरत येणारा बॉल पुढच्या दिशेने फिरवून परत पाठवणं, मी असाच बाजूने बघून शिकलो. तो तुला नीट सांगतो, कारण खेळात रोज लागतो तो हाच. समोरच्याने पुश केलाय, म्हणजे बॉल खालून कापत ढकललाय, त्यामुळे बॉल खालच्या बाजूने फिरत येतोय. गुडघे वाकतात, पोट किंचित आत जातं, त्यामुळे अंगापुढे जागा तयार होते. बॅट मांड्यांच्या मध्ये खाली जाते आणि तिचं टोक जमिनीकडे, थोडं मागे वळतं. मग थांबायचं. हे थांबणं व्हिडिओत पटकन निसटतं, वेग कमी केल्यावरच दिसतं. बॉल टप्पा घेऊन वर येतो, सर्वात उंच जागी पोचतो, अगदी किंचित खाली यायला लागतो, आणि तेव्हा हात सुटतो, वर आणि पुढे. बॉल मारायचा नाही, घासायचा. काडेपेटीवर काडी ओढतो ना आपण, दाबली तर मोडते आणि नुसती टेकवली तर पेटत नाही, तसा तो स्पर्श. शेवटी बॅट चेहऱ्याच्या उंचीला येते आणि गुडघे थोडे सरळ झालेले असतात. समोरून टॉपस्पिन येत असेल तर गणित वेगळं. तेव्हा बॅट पोटाच्या उंचीवरूनच निघते, थोडी बंद, म्हणजे पुढे झुकलेली असते आणि वर जाण्यापेक्षा पुढे जास्त जाते, कारण वर उडण्याचं काम बॉलवरचा स्पिन स्वतःच करत असतो.

तू दोन-चार कोचचे व्हिडिओ बघितलेस की लगेच तुझ्या लक्षात येईल, हे लोक एकमेकांच्या विरुद्ध बोलतात. एक म्हणतो पाय समांतर ठेवा, दुसरा म्हणतो उजवा पाय किंचित मागे. एक सांगतो मनगट सैल सोडा, दुसरा सांगतो मनगट हलवूच नका. इथे बरेच जण वैतागून सोडून देतात. सुधीर, यात कुणीही खोटं बोलत नसतं. समांतर पाय सांगणारा नुसता बॅकहँड शिकवत असतो. उजवा पाय मागे सांगणाऱ्याच्या डोक्यात पुढचा फोरहँड असतो. मनगट स्थिर ठेवा म्हणणारा ड्राइव्ह (सरळ पुढे मारायचा फटका) आणि ब्लॉक (बॅट धरून बॉल नुसता अडवणं) सांगत असतो, जिथे बॉल वेगात येतो आणि मनगट हललं की बॅटचा कोन बिघडतो. सैल सोडा म्हणणारा फ्लिक किंवा बॅकस्पिनवरचा टॉपस्पिन सांगत असतो. म्हणून कुठलाही व्हिडिओ लावलास की आधी स्वतःला विचार, समोरून कुठला बॉल येतोय आणि हा गडी टेबलापासून किती लांब उभा आहे? एवढं कळलं की निम्मे वाद मिटतात. तरीही सुरुवातीला एकच कोच धर. माझं हे मत पक्कं आहे. बॅकहँड हाताला बसला, की मग बाकीच्यांचं ऐकायला मजा येते.

आणखी दोन गोष्टी, ज्या व्हिडिओवाले सहसा सांगत नाहीत.

एक म्हणजे, ज्याची नक्कल करतोस त्याच्या बॅटवर काय आहे ते बघ. मनिका बत्रा आपली सगळ्यांची लाडकी, २०१८च्या राष्ट्रकुल स्पर्धेतलं तिचं एकेरीचं सुवर्ण आपण विसरलेलो नाही. पण तिच्या बॅकहँडला लांब दाण्यांचं पिंपल रबर असतं. त्या रबरावर समोरच्याचा स्पिन उलटून परत जातो, आणि तिचा तो शांत, टेबलाजवळचा हात त्या रबरासाठी घडलेला आहे. जपानची मिमा इतो बॅकहँडला आखूड दाणे वापरते, म्हणून तिचा फटका इतका सपाट आणि झटक्याचा. तुझ्या बॅटला दोन्ही बाजूंना गुळगुळीत रबर आहे. या दोघींचा खेळ मनापासून बघ, त्यांची नजर, त्यांची हिंमत घे. हात मात्र गुळगुळीत रबरवाल्यांचा घे.

दुसरं, व्हिडिओ कधीचा आहे ते बघ. २००० साली बॉल ३८ मिलिमीटरचा ४० झाला. मॅचच्या आधी रबराखाली लावायचा तो स्पीड ग्लू २००८ला बंद झाला. २०१४पासून सेल्युलॉइड जाऊन प्लॅस्टिकचा बॉल आला, ज्यावर स्पिन थोडा कमी चढतो. जुन्या व्हिडिओंत नुसत्या मनगटाच्या झटक्याने बॉल खाली वळताना दिसतो. आज तेवढ्याने भागत नाही, अंगही थोडं घालावं लागतं. जुने व्हिडिओ वाईट नाहीत, पण त्यातला बॉल तुझ्या टेबलावर येणार नाही.

आता जे व्हिडिओत दिसूच शकत नाही त्याबद्दल. बॅट किती घट्ट धरायची, हे कुठलाही कॅमेरा दाखवत नाही. बॉल येईपर्यंत बोटं सैल, इतकी की कुणी बॅट ओढली तर सहज निघून जावी. बॉल लागायच्या क्षणी तर्जनी आणि अंगठा आवळतात, आणि लगेच पुन्हा सैल. घट्ट धरलेल्या बॅटमागचं मनगट फिरत नाही, मग व्हिडिओत काय वाटेल ते बघितलेलं असो. हे टेबलापाशी उभं राहूनच कळतं.

आणि कान. बॉल नुसता आदळला तर टक् असा कोरडा आवाज येतो. नीट घासला गेला की आवाज बारीक आणि मऊ होतो, रबराखालचा स्पंज थोडा बोलतो. आमच्या क्लबहाउसमध्ये एक निवृत्त काका आहेत, टोपलीभर बॉल घेऊन मला एकामागून एक बॅकस्पिनचे टाकतात. ते बॉलकडे बघतही नाहीत. पुढचा बॉल उचलता उचलता नुसत्या आवाजावरून "हा लागला", "हा ढकललास" असं सांगतात, आणि ते बरोबर असतं. आवाजाचं महत्त्व या खेळाला फार पूर्वीच कळलंय, तेही आपल्या मुंबईत. १९५२ची जागतिक स्पर्धा मुंबईत झाली. तिथे हिरोजी सातो नावाचा जपानी खेळाडू जाड स्पंज लावलेली बॅट घेऊन आला आणि जगज्जेता झाला. तोवर बहुतेक सगळे दाणेदार रबराच्या बॅटने खेळायचे, त्या बॅटच्या टकटकीवरून फटक्याचा अंदाज बांधायचे. सातोच्या बॅटमधून आवाजच येईना, आणि भलेभले गांगरले. आज तू-मी ज्या स्पंजावर टॉपस्पिन मारतो, त्याची गोष्ट जगासमोर आली ती आपल्या मुंबईत. मला याचा फार अभिमान वाटतो.

सरावाचं म्हणशील तर तिथे जोडीदार मिळेपर्यंत हे कर. डाव्या हाताने बॉल टेबलावर सोड, टप्पा घेऊन वर येऊ दे आणि बॅकहँडने घास. वेगाची फिकीर नको, समोर टप्पा पडल्यावर बॉल पुढे उसळतो का तेवढं बघ. घरी आरशासमोर बॉलशिवाय हात फिरव, आणि आरशातही कोपरच बघ. टेबलाची एक बाजू उभी करून एकट्याने खेळता येतं, पण तिथून बॉल फार लवकर परत येतो आणि त्याचा स्पिन माणसाकडून येणाऱ्या बॉलसारखा नसतो. ब्लॉकची लय बसवायला ते ठीक, टॉपस्पिनसाठी नको. जोडीदार मिळाला की त्याला एकाच जागी बॉल द्यायला सांग. ते जमलं की मग दोन जागी, एक तुझ्या बॅकहँडला आणि एक थेट उजव्या कोपरावर. कोच लोक व्हिडिओत नेहमी ठरलेल्या जागीच बॉल घेतात. खऱ्या मॅचमध्ये हुशार माणूस कोपरावरच मारणार, कारण तिथे फोरहँड की बॅकहँड हे ठरवण्यातच अर्धा वेळ जातो. तिथे पाय हलवून बॅकहँडला जागा करायची सवय आत्तापासूनच लाव.

आठवडाभर एकच गोष्ट धर. या आठवड्यात कोपर. पुढच्या आठवड्यात ते थांबणं. सगळं एकदम करायला गेलास तर टेबलापाशी हात विचार करत बसेल, आणि २.७४ मीटरच्या टेबलावर विचार करायला वेळ नसतो.

आता तुझं काम. एखाद्या संध्याकाळी फोन टेबलाच्या उंचीवर, बाजूने ठेव. खुर्चीवर पाण्याच्या बाटलीला टेकवलास तरी चालेल. स्लो मोशन लाव, बऱ्याच फोनांत सेकंदाला २४० फ्रेमपर्यंत मिळतं. बॅकस्पिनवर बॅकहँड मार आणि मला पाठव. चांगले निवडून पाठवू नकोस, चुकलेले फटके जास्त उपयोगाचे असतात. मी काकांना दाखवतो. स्लो मोशनमध्ये आवाज नीट येत नाही, म्हणून एक साधाही काढ, म्हणजे ते ऐकून सांगतील.

दिवाळीत चिपळूणला येतोच आहे, बॅट घेऊन येईन. क्लबाची किल्ली कुणाकडे असते ते आधीच विचारून ठेव. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
मिलिंद